स्पेलिंग एक, उच्चार भलताच: इंग्रजी शब्द एकेक करून घोकायचे की काही पद्धत आहे?

पानोपानी

नमस्कार मंडळी. माझं सगळं इंग्रजी वाचनातून आलंय. शाळा मराठी माध्यमाची, पुढे कामाची पुस्तकं, अहवाल, लेख असं वाचतच गेले. अर्थ लागतो, लिहिताही बऱ्यापैकी येतं. अलीकडे कामाचं स्वरूप बदललं आणि तेच अहवाल आता चार लोकांपुढे मोठ्याने वाचावे लागतात. कागदावर वर्षानुवर्षं ओळखीचा असलेला शब्द तोंडाने म्हणायची वेळ आली की प्रश्न पडतो, हा म्हणायचा कसा?

वहीत उतरवलेले काही शब्द देते. कर्ज या अर्थाचा डी-ई-बी-टी, पावतीचा आर-ई-सी-ई-आय-पी-टी, आरोप ठेवणे या अर्थाचा आय-एन-डी-आय-सी-टी, सूक्ष्म या अर्थाचा एस-यू-बी-टी-एल-ई, गोंधळाचा सी-एच-ए-ओ-एस, पुरणे या अर्थाचा बी-यू-आर-वाय. कोशात पाहिलं: डेट, रिसीट, इन्डाइट, सटल, केऑस, बेरी. हे कळले, पण पुढचा शब्द आला की मी पुन्हा तिथेच उभी.

यामागे काही पद्धत आहे, की सगळं पाठच करायचं? आणखी एक. मी पानाच्या कडेला देवनागरीत उच्चार लिहून ठेवते. आमच्यातले एक जाणकार म्हणतात की ही सवय आधी सोड, त्याने उच्चार कायमचा बिघडतो. हे खरं का? आणि ओ-यू-जी-एच या चार अक्षरांबद्दल कुणी काही सांगू शकेल तर फार बरं होईल. तीच चार अक्षरं दर वेळी वेगळी बोलतात.

रानपाखरू

केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोन्हींचे कोश ऑनलाइन आहेत, फुकट आहेत. शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबलं की उच्चार ऐकू येतो, ब्रिटिश वेगळा आणि अमेरिकन वेगळा. ऐकायचं, थांबायचं, स्वतः म्हणायचं, पुन्हा ऐकायचं. नुसतं ऐकून सोडलं तर दुसऱ्या दिवशी काही राहत नाही. मोठ्याने म्हणा.

शिसपेन्सिल

पानोपानीताई, हा माझा रोजचाच उद्योग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी अंध विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. ऐकणाऱ्यापुढे स्पेलिंग नसतं. मी सटलला ‘सब्टल’ म्हटलं तर त्या मुलाच्या मनात तो शब्द तसाच बसणार आणि उद्या मुलाखतीत तसाच बाहेर येणार. म्हणून प्रकरण ध्वनिमुद्रणाला घेण्याआधी पेन्सिल घेऊन बसायचं आणि शंकेच्या प्रत्येक शब्दाभोवती गोल करायचा, हा माझा नेम.

गोल कुठे करायचा, इथेच सगळी मेख आहे. लांबलचक अनोळखी शब्द धोक्याचे नसतात, ते आपण आपसूक कोशात बघतो. धोका ओळखीच्या शब्दांचा. शब्द दिसला की त्याचा अर्थ येतो का हे विचारू नका. ‘हा मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलाय का?’ एवढंच विचारा. उत्तर ‘नाही’ आलं की गोल. ए-डब्ल्यू-आर-वाय घ्या. बिनसलेलं, वाकडं गेलेलं हा अर्थ वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतो, आणि मनातल्या मनात तो ‘ऑरी’ वाचला जातो. उच्चार आहे अराय, जोर ‘राय’वर. काही ग्रीक शब्द शेवटचा ई स्पष्ट म्हणायला लावतात: ‘एपिटोम’ नव्हे, इपिटमी. ‘हायपरबोल’ नव्हे, हायपर्बली. ‘कॅटॅस्ट्रोफ’ नव्हे, कटॅस्ट्रफी. हे शब्द छापील पानावर भरपूर भेटतात आणि कानावर क्वचितच पडतात.

आता पद्धतीबद्दल. इंग्रजी स्पेलिंग हे आजच्या उच्चाराचं चित्र नाही, ती शब्दाच्या प्रवासाची नोंद आहे. हे एकदा मनाने मान्य केलं की चिडचिड कमी होते आणि शोधायचं काय ते कळतं. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि नेमक्या त्याच सुमारास, साधारण १४०० ते १७०० या काळात, इंग्रजीतले दीर्घ स्वर जागचे हलले. आजचा टाइम त्याआधी ‘टीम’सारखा म्हणत, नेम हा ‘नाम’सारखा, हाउस हा ‘हूस’सारखा. छापलेली अक्षरं होती तिथेच राहिली आणि आवाज पुढे निघून गेला. अक्षरांची नावंसुद्धा त्यात बदलली. ए, ई, आय या तीन अक्षरांना पूर्वी आ, ए, ई असं म्हणत, आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांत आजही जवळपास तसंच म्हणतात.

मुकी अक्षरं दोन जातींची. काही एके काळी खरोखर बोलत होती. के-एनने सुरू होणाऱ्या शब्दांतला क पूर्वी स्पष्ट म्हणत. जर्मनमध्ये गुडघ्याला अजूनही ‘क्नी’ म्हणतात, इंग्रजीत फक्त नी उरला. रात्रीच्या नाइटमधला जी-एच म्हणजे घशात घासून काढलेला ख होता, जर्मन ‘नाख्ट’मध्ये तो आजही ऐकू येतो.

दुसरी जात मागाहून घुसवलेल्या अक्षरांची, आणि तुमची यादी तिने भरली आहे. डेट हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. डाउटमध्येही नव्हता. पुढे लॅटिन जाणणाऱ्या पंडितांना वाटलं की मूळ ‘डेबिटुम’ आणि ‘डुबिटारे’ लिखाणात दिसायला हवेत, म्हणून बी लिहिला जाऊ लागला. लोक जे म्हणत होते तेच म्हणत राहिले. रिसीटमधला पी, इन्डाइटमधला सी, सटलमधला बी, सगळे याच वाटेने आले. म्हणजे तुमच्या सहापैकी चार शब्दांचं उत्तर एकच आहे. बेटाचा आयलंड तर लॅटिन नव्हताच. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, पण लॅटिन ‘इन्सुला’शी नातं जोडून त्यात एस घातला गेला.

बेरीची कथा निराळी. मध्ययुगीन इंग्लंडात त्या स्वराचे भागाभागांत वेगवेगळे उच्चार होते. या शब्दाचं स्पेलिंग पश्चिमेकडच्या बोलीतलं टिकलं आणि उच्चार आग्नेय इंग्लंडातल्या केंटकडच्या बोलीतला. बिझीचंही तसंच, फक्त त्याचा उच्चार लंडनच्या बाजूने आला. असे शब्द मात्र पाठच करावे लागतात. थोडेच आहेत.

मुक्या अक्षराचा शब्द लक्षात ठेवायला मी त्याचे भाऊबंद शोधते, कारण एकाकडे गप्प असलेलं अक्षर दुसऱ्याकडे बोलतं. साइनमध्ये जी गप्प, सिग्नेचरमध्ये ऐकू येतो. मसलमध्ये सी गप्प, मस्क्युलरमध्ये बोलतो. कॉलममधला एन कॉलम्निस्टमध्ये, कन्डेममधला एन कॉन्डेम्नेशनमध्ये, डेटचा बी डेबिटमध्ये. दोन या अर्थाच्या टूमधला डब्ल्यू ट्विन, ट्वाइस, ट्वेल्व्हमध्ये ठणठणीत आहे. मी वहीत शब्द सुटा लिहीतच नाही, जोडीने लिहिते.

काही जागा ठरलेल्या आहेत. शब्दाच्या शेवटी एम-बी आला की बी गप्प: कोम, टूम, क्लाइम. पुढे ‘अर’ लागून करणारा माणूस झाला तरी गप्पच, म्हणून क्लाइमर आणि प्लमर. एस-टी-ई-एन आणि एस-टी-एल-ई यांत टी जातो: लिसन, फासन, व्हिसल, कासल.

सी-एच पाहिलं की शब्द आला कुठून ते विचारा. अस्सल इंग्रजी असेल तर च: चर्च, चाइल्ड. ग्रीक असेल तर क: केमिस्ट्री, केऑस, एको, स्टमक, आर्किटेक्ट, ऑर्केस्ट्रा. फ्रेंचमधून अलीकडच्या काळात आला असेल तर श: मशीन, पॅरशूट, ब्रोशर. कुळ ओळखायचं कसं? विषय बघा. विज्ञान, वैद्यक, तत्त्वज्ञान, संगीत असेल आणि शब्दात पी-एच, पी-एस किंवा मध्येच वाय दिसत असेल तर ग्रीक असण्याचा संभव मोठा. दर वेळी जमतं असं नाही, पण बहुतेक वेळा जमतं.

आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे जोर. मुक्या अक्षरांची चर्चा सगळे करतात, जोराची कुणी करत नाही, आणि ऐकणारा अडखळतो तो जास्त करून जोर चुकल्यामुळे. फोटोग्राफ म्हणताना जोर ‘फो’वर: फो-ट-ग्राफ. फोटो काढणारा माणूस झाला की जोर सरकतो: फ-टॉ-ग्र-फर, जोर ‘टॉ’वर. त्याचं विशेषण झालं की पुन्हा सरकतो: फो-ट-ग्रॅ-फिक, जोर ‘ग्रॅ’वर. नीट बघा, जोर गेला की मागचा स्वर मिटून नुसता अ होतो. ‘फो’चा ‘फ’ झाला, ‘टॉ’चा ‘ट’ झाला. इंग्रजीत जोर नसलेला स्वर असा मिटतो, मग स्पेलिंगमध्ये ए असो, ई असो की ओ असो. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने म्हणतो, म्हणून ‘डे-व्ह-लप-मेंट’ असं चारही पाय आपटत जातो. म्हणायचं डि-व्हे-लप्-मन्ट, जोर ‘व्हे’वर.

जोर कुठे पडेल याचे नियम शब्दाच्या शेपटीत असतात. शेवट ‘इक’, ‘शन’ किंवा ‘इटी’ असेल तर जोर त्या शेपटीच्या लगेच आधीच्या अक्षरावर: इकनॉमिकमध्ये ‘नॉ’, एज्युकेशनमध्ये ‘के’, युनिव्हर्सिटीमध्ये ‘व्हर’. पॉलिटिक्स, अॅरबिक, कॅथलिक असे अपवाद आहेत, त्यांच्यात जोर पहिल्याच अक्षरावर. पण एवढ्या एका नियमाने तुमच्या अहवालातले किती शब्द सरळ होतील ते करून बघा.

देवनागरीत लिहिणं सोडू नका. फक्त दोन खुणा वाढवा. जोराच्या अक्षरावर आडवी रेघ, आणि मिटलेल्या स्वराच्या अक्षराखाली टिंब. माझी सगळी पुस्तकं या रेघांनी आणि टिंबांनी भरलेली असतात.

सरळरेघ

शिसपेन्सिलताईंचं बाकी सगळं पटलं, देवनागरीचं नाही. मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो आणि देवनागरीत लिहिलेले उच्चार पहिल्या दिवसापासून बंद करायला सांगतो. मेझर, व्हिजन, टेलिव्हिजन यांच्या मधोमध जो आवाज आहे त्याला आपल्याकडे अक्षरच नाही. कुणी ज लिहितो, कुणी झ. थिंकमधला थ आपला थ नव्हे. आपल्या थमध्ये जीभ दातांना टेकून हवा अडवते, त्यांच्याकडे जिभेचं टोक दातांत ठेवून हवा चालू राहते. प्राणिसंग्रहालय या अर्थाच्या ‘झू’मधला झ आपल्या ‘जागा’तल्या जसारखा म्हटला जातो, तेही बरोबर नाही.

त्यापेक्षा कोशातली उच्चारचिन्हं शिका. १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनीच स्थापन केलेल्या संस्थेची ती लिपी आहे. इंग्रजीपुरती चिन्हं फार नाहीत. उलटा ई म्हणजे ताईंनी सांगितलेला मिटलेला अ. स्वरापुढे विसर्गासारखी खूण असेल तर तो दीर्घ. आणि वर लहानशी उभी रेघ असते ती जोराची. ती जोराच्या अक्षराच्या आधी असते. बरेच जण ती मागच्या अक्षराची समजतात आणि बरोब्बर उलट जोर देतात.

शिसपेन्सिल

सरळरेघदादा, चिन्हं शिकावीत याला माझा पूर्ण पाठिंबा. मीही कोशात तीच बघते. पण ध्वनिमुद्रण चालू असताना पानाच्या कडेला जे क्षणात वाचता येईल तेच हवं, आणि ते काम माझ्यासाठी देवनागरीच करते.

शिवाय दोष लिपीचा आहे असं मला वाटत नाही. डेपो, बुके, शोफर, कर्नल हे शब्द बघा. डेपोच्या शेवटी टी आहे, बुकेच्याही आहे, कर्नलच्या स्पेलिंगमध्ये दोन एल आहेत आणि आर एकही नाही. हे शब्द आपण देवनागरीत लिहितो आणि कुणीही चुकत नाही, कारण ते आपल्याकडे कानाने आले. ‘सब्टल’ आणि ‘डेब्ट’ डोळ्याने आले. बिघाड होतो तो स्पेलिंग बघून देवनागरी लिहिल्यावर. ऐकून लिहा, मग ती लिपी तुम्हाला फसवणार नाही. मराठीत ॲ आणि ऑ लिहायची सोय आहे, त्यामुळे कॅट, कट, कॉट हे तीन शब्द आपण तीन तऱ्हांनी लिहू शकतो. ही सोय लहान नाही.

तुम्ही म्हणता त्या आवाजांसाठी मात्र तोंडच शिकवावं लागतं, हे खरं. झूचा आवाज काढायला मी असं सांगते: ‘साप’मधला स लांबवा, स्स्स्स. जीभ अजिबात हलवू नका आणि त्यातच गळ्यातला आवाज मिसळा. गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर लागते. थरथर लागली आणि जीभ कुठे टेकली नाही, तर तो आवाज बरोबर. असाच शॉपमधला श लांबवून त्यात गळ्याचा आवाज मिसळला की मेझरच्या मधला आवाज मिळतो. व्हेस्ट आणि वेस्टसाठी आरशात बघा. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात दिसतही नाहीत.

कानसेन

मी जन्मांध. शिसपेन्सिलताईंसारखी माणसं ज्यांच्यासाठी वाचतात त्यांच्यातला एक, म्हणून आधी त्यांना मनापासून धन्यवाद. कडेच्या त्या रेघा आणि टिंबं आम्हाला दिसत नाहीत, पण ऐकू येतात.

माझा प्रवास पानोपानीताईंच्या उलट दिशेने झाला. शब्द आधी कानावर आला, स्पेलिंग नंतर बोटाखाली. त्यामुळे उच्चार क्वचितच अडला, लिहिताना मात्र पावलोपावली अडलं. म्हणून ताई, तुमच्याकडे जे आहे ते कमी समजू नका. डोळ्याने कमावलेलं स्पेलिंग पक्कं असतं. आता फक्त त्याला आवाज जोडायचा आहे.

ओ-यू-जी-एचबद्दल मी सांगतो, कारण ती अक्षरं मी बोटांनी शिकलो. इंग्रजी ब्रेलमध्ये नेहमी लागणाऱ्या जोड्यांना संक्षेप आहेत. ओ-यूला सहा टिंबांचं एकच घर आणि जी-एचला दुसरं. म्हणजे तुम्ही चार अक्षरं बघता तिथे बऱ्याचदा माझ्या बोटाखाली दोन खुणा येतात. त्या दोन खुणांच्या आधी आणि नंतर काय येतं यावरून मी गट पाडले.

सगळ्यात मोठा गट शेवटी टी असणारा: थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट. या सगळ्यांत ऑ. यातून फुटून निघालेला एकच शब्द नेहमी भेटतो, अवर्षणाचा ड्राउट. शेवटी टी नसेल तर मग खरी विविधता. टफ, रफ, इनफ यांत अफ. कॉफ आणि ट्रॉफ यांत ऑफ. दो, डो, ऑल्दो यांत ओ. बाउ आणि प्लाउ यांत आउ. थ्रूमध्ये ऊ, तो आपल्या गटात एकटाच. आणि थरा, बरा यांत शेवट मिटून नुसता अ. सुटे सुटे घेतले तर हे शब्द अंगावर येतात. गटाने म्हटले तर यमकासारखे तोंडात बसतात. मी अजूनही एखादा गट चालता चालता म्हणतो.

आय-जी-एच-टीचं तर फारच सोपं आहे. नाइट, लाइट, राइट, साइट, फाइट, सगळीकडे आइट. आधी ई आला की एट: एट, वेट, फ्रेट. हाइट मात्र ई असूनही आइट.

एक सावधगिरी. यंत्राच्या आवाजावर सर्वस्वी विसंबू नका. स्क्रीन रीडर मला रोज वाचून दाखवतो, पण एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार असले की त्याला संदर्भावरून अंदाज करावा लागतो आणि तो कधी कधी चुकतो. एल-ई-ए-डी पुढे नेणे असेल तर लीड, शिसं असेल तर लेड. डब्ल्यू-आय-एन-डी वारा असेल तर विंड, गुंडाळणे असेल तर वाइंड. टी-ई-ए-आर अश्रू असेल तर टिअर, फाडणे असेल तर टेअर. नाम आणि क्रियापदाच्या जोड्यांत जोर बदलतो: नोंद या अर्थाचा रेकॉर्ड पहिल्या अक्षरावर, नोंदवणे या अर्थाचा रिकॉर्ड दुसऱ्यावर. परमिट, ऑब्जेक्ट, प्रेझेंट, सगळे याच चालीचे. वाक्य समजून वाचणारा माणूस हे बरोबर म्हणतो.

रानपाखरू

कानसेनदादा, गटांची यादी उतरवून घेतली. एक मनातलं विचारतो. इंग्रज लोक स्पेलिंगच का सुधारत नाहीत?

सरळरेघ

प्रयत्न झालेत. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने कलर, ऑनर यांतला यू काढला आणि सेंटरचा शेवट ई-आर केला. १८२८ च्या त्याच्या मोठ्या कोशाने ते रूढ व्हायला मदत झाली. पण जिभेचा टंग त्याने टी-यू-एन-जी असा आणि विमिन डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन असा लिहून पाहिला, ते लोकांनी घेतलं नाही. आणि उच्चाराप्रमाणे लिहायचं म्हटलं तर कुणाचा उच्चार धरायचा? लंडनचा, एडिन्बराचा की न्यूयॉर्कचा? शिवाय ताईंनी दाखवलेलं साइन आणि सिग्नेचरचं नातं लिखाणातून पुसलं जाईल. मला स्वतःला ते नातं टिकलेलं आवडतं.

पानोपानी

मंडळी, किती भरभरून लिहिलंत! कालच्या अहवालावर गोल करून पाहिले. ‘अर्थ येतो का’ऐवजी ‘ऐकलाय का’ असं विचारल्यावर पान गोलांनी भरलं, आणि त्यातले बरेचसे शब्द मी रोज लिहिते ते निघाले.

तीन गोष्टी राहिल्या. ओ-एफ-टी-ई-एन मध्ये टी म्हणायचा की नाही? दोन्ही ऐकलंय. दुसरं, परक्या गावांची नावं वाचताना काय करायचं? तिसरं सगळ्यात त्रासाचं. भूतकाळाचा ई-डी. माझ्या अहवालात जवळपास प्रत्येक वाक्यात तो येतो आणि मी कधी ‘एड’ म्हणते, कधी ‘ड’.

शिसपेन्सिल

ऑफन आणि ऑफ्टन, दोन्ही कोशांत आहेत, दोन्ही चालतात. स्पेलिंग बघून गप्प अक्षर पुन्हा बोलू लागल्याची अशी उदाहरणं आहेत. कपाळाचा शब्द पूर्वी ‘फॉरिड’ असा म्हणत, आता बहुतेक जण फोरहेडच म्हणतात. शेड्यूल ब्रिटिश, स्केजूल अमेरिकन. कुठलाही घ्या, पण एका अहवालात एकच ठेवा.

गावांच्या, नद्यांच्या नावांना नियम लावायला जाऊच नका. लेस्टर, वुस्टर, ग्रेनिच, टेम्झ, यांची स्पेलिंगं उघडून बघितलीत तर कळेल मी का म्हणते ते. प्रत्येक नाव कोशात ऐकायचं. माणसाचं नाव असेल आणि माणूस गाठता येत असेल तर त्यालाच विचारायचं. मी लेखकांची नावं अशीच विचारून घेते आणि आजवर कुणालाही त्याचा राग आलेला नाही.

ई-डीचं उत्तर कानसेन यांनी द्यावं, त्यांनी ते मला एकदा फार सुंदर समजावलं होतं.

कानसेन

ब्रेलमध्ये ई-डीलाही एकच घर आहे. लिहायला तीच खूण, म्हणायचे प्रकार तीन. पण शाळेतलं मराठी व्याकरण आठवत असेल तर हे तुम्हाला येतंच. कठोर व्यंजनं आणि मृदू व्यंजनं आठवा. विपद् आणि काल एकत्र आले की विपत्काल होतो, वाक् आणि विहार एकत्र आले की वाग्विहार. शेजारी आलेले वर्ण एकमेकांसारखे होतात, कठोराशेजारी कठोर, मृदूशेजारी मृदू. ई-डीचं नेमकं तेच.

क्रियापदाचा शेवटचा आवाज कठोर असेल, म्हणजे क, प, फ, स, श, च, तर ई-डीचा ट होतो: वॉक्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, पास्ट, वॉश्ट, वॉच्ट. शेवटचा आवाज मृदू किंवा स्वर असेल तर ड: कॉल्ड, लिव्ह्ड, ओपन्ड, प्लेड. आणि क्रियापद ट किंवा ड वरच संपत असेल तर दोन सारखे आवाज एकमेकांत बुडतील, म्हणून तिथेच फक्त इड: वॉन्टिड, नीडिड, रिपोर्टिड. अक्षर बघू नका, आवाज ऐका. लाफच्या शेवटी जी-एच दिसतो, पण ऐकू येतो फ, म्हणून ट. शंका आली तर शिसपेन्सिलताईंनी सांगितलेलं गळ्यावरचं बोट इथेही चालतं: थरथर आहे तर ड, नाही तर ट.

अनेकवचनाचा एससुद्धा याच नियमाने चालतो: कॅट्समध्ये स, डॉग्झमध्ये झ, बसिझमध्ये इझ. एक नियम शिकलात की दोन कामं होतात.

अपवाद आहेत ते बहुतेक विशेषणांचे. नेकिड, विकिड, क्रुकिड यांत नियम काही सांगत असला तरी इडच म्हणतात. एल-ई-ए-आर-एन-ई-डी शिकला या अर्थाने लर्न्ड, विद्वान या अर्थाने लर्निड. तुमच्या अहवालात वकिलांच्या नावाआधी तो शब्द आला, तर तो दुसरा, लर्निड.